बिनतारी जोडणीचा लपंडाव

(नभोवाणीवरील भाषण)



घरांत नवा लॅपटॉप येतो, तो दिवस लहानशा सणासारखाच असतो. झांकणावर हळदकुंकवाचीं बोटें उमटतात, मुलें भोंवतीं कोंडाळें करून बसतात, आणि पहिल्या संध्याकाळीं सर्व कांहीं सुरळीत चालतें. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशीं आंतल्या खोलींतून हांक ऐकूं येते, "वायफाय गेलें!" पांच मिनिटांनीं तें आपण होऊन परत येतें, अर्ध्या तासानें पुन्हां जातें. जें यंत्र साफ बंद पडतें त्याचा निकाल लवकर लागतो. परंतु जें आतां चालतें, मग चालत नाहीं, आणि दुरुस्त करणारा दारांत उभा राहिला कीं नेमकें चालूं लागतें, त्याच्याशीं झगडतांना शहाणीं माणसेंही मेटाकुटीस येतात. अशा लहरी जोडणीचा दोष घरच्या घरीं कसा शोधावा, हें आज मी सांगणार आहें.

विषय क्षुल्लक आहे असें कोणी म्हणूं नये. आज मुलीची नोकरीसाठींची मुलाखत या जोडणीवरून होते, परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवशीं तिच्यावरूनच भरला जातो, आणि परदेशीं असलेल्या नातवाचा चेहरा आजीला तिच्यामुळेंच दिसतो. शिवाय यांत पैशाचाही प्रश्न आहे. नव्या यंत्रांत खरोखरच खोट असेल, तर तें बदलून मागण्याची मुदत पुष्कळदां थोड्या दिवसांचीच असते. आणि खोट यंत्रांत नसेल, तर नवा राउटर, नवी योजना, पुन्हां नवा लॅपटॉप अशी खर्चाची माळ लागते व दोष जागच्या जागीं राहतो. आपल्याकडे नवी सून उंबरठा ओलांडून आंत आली आणि त्याच दिवशीं दूध नासलें, तर बोल तिलाच लागे. नव्या लॅपटॉपचीही तीच गत होते. कधीं तो खरोखरच अपराधी असतो, कधीं अगदीं निर्दोष. निवाडा करण्यापूर्वीं साक्षीपुरावा पाहावयास हवा.

प्रथम संदेशाचा मार्ग ध्यानांत घेऊं. लॅपटॉपपासून निघालेला संदेश हवेंतून राउटरकडे जातो, आणि राउटरपासून बाहेरच्या तारेनें कंपनीच्या केंद्राकडे व तेथून जगांत जातो. म्हणजे लॅपटॉप, मधली हवा, राउटर आणि बाहेरची तार असे या वाटेवर चार टप्पे आहेत. आपण मात्र चारहि टप्प्यांना मिळून "नेट" हें एकच नांव दिलें आहे. "नेट गेलें" असें म्हटलें कीं चौघांपैकीं कोण गेलें हें कळत नाहीं, आणि निम्मा घोटाळा तेथेंच सुरू होतो.

यांतील हवेचा टप्पा आपणांस डोळ्यांनीं दिसत नाहीं, म्हणून त्याविषयीं दोन शब्द अधिक सांगतों. नभोवाणी ज्या विद्युच्चुंबकीय लहरींवर चालते, त्याच जातीच्या लहरी वायफायही वापरतें. १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं आंखूड विद्युत्-लहरी भिंतींच्या पलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली, त्या प्रयोगाचेंच हें दूरचें नातवंड म्हणावें. मध्यम लहरींवर बोलणाऱ्या नभोवाणी केंद्राची एकेक लहर शेंकडों मीटर लांब असते. तिला घरादारांचा फारसा अडसर वाटत नाहीं. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर अवघी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित् अधिक. आणि ५ गिगाहर्ट्झची तर त्याच्याही निम्मीच. इतकी आंखूड लहर कपाटाला अडते, आरशावरून उलटते आणि पाण्यांत जिरते.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. नभोवाणी एका बाजूनें बोलते. मध्यें खरखर झाली तरी श्रोता अर्थ लावून घेतो. वायफाय हा संवाद आहे. लॅपटॉपनें पाठविलेल्या प्रत्येक तुकड्याची पोंच राउटरकडून यावी लागते. पोंच आली नाहीं तर तो तुकडा पुन्हां धाडावा लागतो. शिवाय प्रत्येक यंत्र बोलण्याआधीं दुसरें कोणी बोलत नाहीं ना, हें ऐकून घेतें. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यांतील पट्ट्या पूर्ण भरलेल्या दिसत असूनही काम अडकूं शकतें. त्या पट्ट्या आवाज किती मोठा आहे एवढेंच सांगतात. गलबल्यांत शब्द कळले कीं नाहीं, तें सांगत नाहींत.

आतां परीक्षेकडे वळूं. चार साध्या कसोट्या आहेत, आणि त्यांना एक पैचाही नवा खर्च लागत नाहीं, असें जवळ जवळ म्हणतां येईल.

पहिली कसोटी शेजारच्या साक्षीदाराची. जोडणी तुटली कीं त्याच क्षणीं, त्याच खुर्चीवर बसून, आपला फोन त्याच वायफायवर चालतो कीं नाहीं तें पाहावें. मात्र फोनचा मोबाइल डेटा आधीं बंद करावा. नाहींतर वायफाय मुकें झालें तरी फोन गुपचुप दुसऱ्या वाटेनें जातो आणि खोटी साक्ष देतो. फोनही अडला, तर लॅपटॉपवरील आरोप बहुतेक सुटला. फोन चालला आणि लॅपटॉपच अडला, तर संशय लॅपटॉपवर किंवा त्याच्या आणि राउटरच्या आपसांतील न जुळण्यावर येतो.

दुसरी कसोटी परगृहाची. लॅपटॉपला फोनच्या हॉटस्पॉटवर किंवा एखाद्या स्नेह्याच्या घरच्या वायफायवर दोन तास काम करूं द्यावें. तेथेंही तो तसाच तुटूं लागला, तर दोष त्याच्याच अंगांत आहे असें समजावें. तेथें तो सुतासारखा सरळ चालला, तर घरचा राउटर आणि घरची हवा यांच्याकडे पाहावें.

तिसरी कसोटी तारेची. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सरळ तार जोडावी. पुष्कळ नव्या पातळ यंत्रांना तिचें भोंक नसतें, तेव्हां एक छोटा जोड लागतो. तो कोणाकडून उसना आणला तरी चालेल. तारेवर सर्व काम निर्वेध झालें, तर बाहेरची तार व कंपनी निर्दोष ठरते. तारेवरही अडलें, तर वायफायच्या मागें लागण्यांत अर्थ नाहीं. कंपनीकडे तक्रार नोंदवावी.

चौथी कसोटी थोडी विद्येची आहे, पण अवघड नाहीं. प्रत्येक लॅपटॉपवर आज्ञा लिहिण्याची एक साधी खिडकी असते. तींत "पिंग" हा शब्द इंग्रजींत लिहून त्यापुढें राउटरचा पत्ता लिहिला, कीं यंत्र राउटरला "आहेस का?" असें विचारूं लागतें. हा पत्ता पुष्कळ घरीं १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. उत्तर यावयास किती मिलिसेकंद लागले तेंही यंत्र लिहून दाखवितें. अशा दोन खिडक्या उघडाव्या. एकींत राउटरला हांक द्यावी, दुसरींत ८.८.८.८ या बाहेरच्या प्रसिद्ध पत्त्याला, आणि दोन्ही तशाच चालूं ठेवून आपलें काम करीत राहावें. जोडणी अडेल तेव्हां दोहोंकडे नजर टाकावी. राउटरचीं उत्तरें दोन-चार मिलिसेकंदांत नियमित येत आहेत आणि बाहेरचींच थांबलीं आहेत, तर दोष राउटरच्या पलीकडचा. राउटरचींच उत्तरें गळत आहेत किंवा शेंकडों मिलिसेकंद रेंगाळत आहेत, तर दोष घरांतला. "तुमचाच दोष, आमचा नव्हे," हा कंपनी आणि ग्राहक यांच्यांतील जुना वाद या दोन खिडक्या पांच मिनिटांत मिटवितात.

समजा, दोष हवेंत आहे असें ठरलें. मग राउटर कोठें बसविला आहे तें पाहावें. तार ज्या कोपऱ्यांतून घरांत शिरली, त्याच कोपऱ्यांत, बहुधा दारामागें किंवा दूरदर्शन-संचाच्या पाठीशीं, कामगारानें तो ठोकलेला असतो. राउटरची खरी जागा घराच्या मध्याजवळ, उंचावर व उघड्यावर. त्याच्या आणि लॅपटॉपच्या मध्यें लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची पेटी किंवा पाण्याचें पिंप येऊं देऊं नये. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि नव्या इमारतींतील सळयांचें काँक्रीट, दोन्ही लहरींना जाचक आहेत. सिग्नलचें बळ उण्या आंकड्यांत मोजतात. उणें ५० डेसिबल-मिलिवॅट म्हणजे उत्तम, उणें ६७ पर्यंत चित्रासह बोलणें नीट चालावें, आणि उणें ८० म्हणजे जेमतेम. या मापांत दर दहा अंशांना बळ दहापटीनें घटतें; तेव्हां उणें ५० आणि उणें ८० यांत हजारपटीचें अंतर असतें.

कधीं राउटर समोर दिसत असूनही एका विशिष्ट जागींच काम अडतें. त्याचें कारण प्रतिध्वनि. विजापूरच्या गोलघुमटांत एक हांक मारली कीं ती अनेकदां परत ऐकूं येते. तशाच वायफायच्या लहरी भिंतींवरून परतून मूळ लहरींत मिसळतात, आणि कांहीं ठिकाणीं एकमेकींना मारून टाकतात. लहरच वीतभराहून लहान असल्यामुळें, लॅपटॉप चार-सहा बोटें सरकविला तरी फरक पडूं शकतो. हा उपाय हास्यास्पद वाटला तरी करून पाहावा.

यापुढें गर्दीचा विचार. एके काळीं घरीं रेडिओ ठेवण्यासही परवाना लागे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र भारत सरकारनें २००५ सालीं कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्यावांचून मोकळा केला, आणि मोकळ्या मैदानावर जें होतें तेंच तेथें झालें. ब्लूटूथचे कर्णफोन व माउस त्याच पट्ट्यांत बोलतात. मायक्रोवेव्ह भट्टीही सुमारें २.४५ गिगाहर्ट्झवरच अन्न तापविते आणि तिच्यांतून झिरपणारा अल्पसा अंश शेजारच्या वायफायला पुरेसा छळतो. लॅपटॉपला लावलेली यूएसबी ३ जातीची डिस्क किंवा तिची तार यांतूनही याच पट्ट्यांत खरखर पसरते. इंटेल कंपनीनें २०१२ सालीं हें मोजून प्रसिद्ध केलें. शिवाय शेजाऱ्यांचे राउटर आहेतच. या पट्ट्यांत आपल्याकडे तेरा चॅनेल आहेत खरे, पण ते एकमेकांवर इतके चढलेले आहेत कीं, एकमेकांना धक्का न लावतां चालूं शकतात ते १, ६ आणि ११ असे तीनच. त्यांतल्या त्यांत कमी गर्दीचा चॅनेल निवडावा, आणि त्याची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. त्याहून चांगलें म्हणजे लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्यावें. तेथें ऐसपैस जागा आहे. मात्र एक-दोन भिंतींपलीकडे ती लहर थकते.

दोन्ही पट्ट्यांना राउटरनें एकच नांव दिलेलें असलें, तर लॅपटॉप एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो आणि प्रत्येक उडीस जोडणी क्षणभर खंडते. कांहीं दिवस दोहोंना वेगळीं नांवें देऊन पाहावें. आणखी एक बारकावा: ५ गिगाहर्ट्झमधील कांहीं चॅनेल हवामानखात्याच्या रडारशीं वाटून घेतलेले आहेत. तेथें रडारची चाहूल लागतांच राउटरनें दहा सेकंदांच्या आंत तो चॅनेल सोडावा असा नियम आहे. राउटर उठून जातो आणि घरच्यांना वाटतें कीं लॅपटॉप बिघडला. ३६ ते ४८ या चॅनेलांवर हा प्रसंग येत नाहीं.

आतां दोष लॅपटॉपकडे आहे असें धरूं. तेथेंही सर्वच दोष खोटीचे नसतात. पुष्कळ नवीं यंत्रें बॅटरी वांचविण्याच्या अतिउत्साहानें वायफायच्या भागाला मधून मधून झोंपवितात. यंत्र चार्जरवर असतांना नीट चालतें व बॅटरीवर तुटतें, किंवा झांकण उघडल्यावरच अडतें, तर ही शंका घ्यावी आणि "वीज वांचविण्यासाठीं हें उपकरण बंद करूं द्यावें" ही खूण काढून टाकावी. दुसरें कारण ड्रायव्हर, म्हणजे वायफायचा भाग आणि संगणक यांच्यांतील दुभाषी. नवें यंत्र कारखान्यांतून निघून आपल्या घरीं येईपर्यंत महिने लोटलेले असतात, आणि त्यांतला दुभाषी जुना असूं शकतो. लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या स्थळावरून त्याची ताजी आवृत्ति घ्यावी. आणि आपोआप आलेल्या एखाद्या अपडेटच्या दिवसापासूनच त्रास सुरू झाला असेल, तर आधीच्या आवृत्तीकडे परतावें. कार्यालयाच्या कामासाठीं घातलेलें व्हीपीएन आणि फुकट मिळालेला विषाणुरोधक कार्यक्रम, हे दोघेही तासभर बाजूस ठेवून पाहावेत. जुन्या राउटरशीं पटत नसेल, तर लॅपटॉपला तें वायफाय एकदां विसरावयास लावून परवलीचा शब्द नव्यानें द्यावा. आणि राउटरवर डब्ल्यूपीए २ व ३ अशी मिश्र सुरक्षा असेल, तर कांहीं दिवस नुसत्या २ वर चालवून फरक पाहावा.

खरी खोट ओळखण्याची खूण निराळी आहे. लॅपटॉपच्या आंत पडद्याच्या कडेला किंवा बिजागरीजवळ बहुधा दोन अँटेना असतात, आणि त्यांच्या केसासारख्या बारीक तारा वायफायच्या पत्रीवर टिचक्या बटनांनीं बसविलेल्या असतात. त्यांतील एखादें बटन नीट बसलें नसेल, तर लॅपटॉप राउटरच्या शेजारीं उत्तम चालतो आणि दहा पावलांवर, जेथें फोन आरामांत चालतो तेथें, मान टाकतो. ही खूण दिसली कीं पेचकस हातीं घेऊं नये. हमी धोक्यांत येण्याचा संभव असतो. यंत्र परत दुकानीं न्यावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एका वेळीं एकच बदल करावा. वैद्यानें एकाच दिवशीं चार मात्रा दिल्या आणि रोगी उठून बसला, तर कोणत्या मात्रेनें गुण आला हें वैद्यासही सांगतां येत नाहीं. आणि दुखणें उलटलें कीं पुन्हां चारही मात्रा घोटणें आलें. म्हणून एक बदल करावा, एक दिवस थांबावें, आणि लिहून ठेवावें. चार आण्यांच्या वहीसारखें साधें साधन या कामीं फार उपयोगी पडतें. तारीख, वेळ, खोली, फोन चालत होता कीं नाहीं, आणि त्या वेळीं घरांत आणखी काय चाललें होतें, एवढ्याच गोष्टी तींत लिहाव्या. आठ दिवसांत वहीच बोलूं लागते. रोज रात्रीं आठ ते दहाच्या दरम्यान तुटतें, तर ती शेजाऱ्यांची गर्दी. सकाळीं दूध तापवितांना तुटतें, तर ती भट्टी. डिस्क लावली कीं तुटतें, तर ती डिस्क. दहा मिनिटें यंत्र स्वस्थ बसलें कीं तुटतें, तर ती झोंप. आणि वेळ, जागा, घर कोणतेंही असो, तुटावयाचें तें तुटतेंच, तर मात्र खोट यंत्रांतच आहे.

या वहीचा दुसरा उपयोग दुकानांत होतो. यंत्र परत नेलें कीं दुकानदार तें सुरू करतो आणि म्हणतो, "आमच्या येथें तर चालतें." चालणारच; त्याचा राउटर दोन हातांवर असतो. रिकाम्या हातानें गेलेला ग्राहक येथें निरुत्तर होऊन परततो. अशाच संकोचानें कित्येक घरांत सदोष यंत्र मुदत उलटेपर्यंत सांभाळलें जातें, आणि मग पुढचीं चार-पांच वर्षें मुलगा राउटरला चिकटून अभ्यास करतो. पण तुमच्या हातीं तारखांची नोंद असली, तीन निरनिराळ्या ठिकाणचा पुरावा असला, आणि शेजारीं ठेवलेला फोन त्याच जागीं चालत होता असें तुम्हीं दाखविलें, तर "चालतें" या एका शब्दानें तुमची बोळवण करणें सोपें जात नाहीं. म्हणून पहिल्या आठवड्यांतच या कसोट्या पार पाडाव्या, खोकें व पावती जपून ठेवावी, आणि तक्रार लेखी द्यावी. तेवढ्यानेंही भागलें नाहीं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

उलट, वहीनें लॅपटॉपला निर्दोष ठरविलें, तर तेंही तितक्याच मोकळ्या मनानें मान्य करावें. राउटर चार पावलें सरकविणें, चॅनेल बदलणें, डिस्कची तार दूर ठेवणें, अशा बिनखर्ची उपायांनीं पुष्कळ घरांतला हा लपंडाव संपतो. ज्या घरीं उद्यां-परवां मुलाखत किंवा परीक्षा असेल, त्यांनीं या शोधाच्या भरीला पडूं नये. त्या दिवसापुरती सरळ तार जोडावी, किंवा फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवावा, आणि शोध नंतर निवांतपणें करावा.

माझी वेळ संपत आली. ही रीति चालवून पाहतां आपणांस यश येवो, एवढें म्हणून मी आपली रजा घेतों.